गणकयंत्राला कामाला जुंपणारा माणूस : मॉरिस विल्क्स



गणकयंत्र किंवा संगणक हा शब्द आता आपल्या कानांना नवा राहिलेला नाही. सातबाऱ्याचा उतारा त्याच्यावरून निघतो, परीक्षेचे निकाल त्याच्यावर लागतात, आणि मोबाइल म्हणून जी वस्तू खिशात घालून आपण शेतावर जातो, तेही एक गणकयंत्रच आहे. पण हे यंत्र ज्याने बांधले नाही, ज्याला त्याच्या पोटातले काही कळत नाही, अशा माणसालाही ते वापरता यावे, ही गोष्ट मुळात आली कुठून? यंत्र बांधणे हे निम्मे काम झाले. ते दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असे करणे हे उरलेले निम्मे, आणि बहुधा अधिक कठीण. हे उरलेले निम्मे काम ज्यांनी पहिल्याप्रथम मनावर घेतले, त्या इंग्लंडमधल्या मॉरिस विल्क्स यांची ओळख मी आज आपल्याला करून देणार आहे.

विल्क्स यांचा जन्म २६ जून १९१३ रोजी इंग्लंडच्या मध्यभागातल्या डडली या गावी झाला. वडील डडलीच्या अर्लच्या जहागिरीत हिशेबनीस होते. शाळेचे शिक्षण जवळच्या स्टाउरब्रिज गावी झाले. त्या शाळेतल्या रसायनशास्त्राच्या एका शिक्षकांनी या मुलाला हौशी रेडिओचा नाद लावला. घरच्या घरी रेडिओ जुळवायचा, तारा बांधायच्या, दूरचे संदेश पकडायचे, असा तो छंद होता. शिक्षक बंधुभगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे, की पुढचे सारे या छंदातून निघाले आहे.

१९३१ साली विल्क्स केंब्रिज विद्यापीठात सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले आणि १९३४ साली गणिताची पदवी घेऊन बाहेर पडले. ॲलन ट्युरिंग हेही त्याच साली त्याच विद्यापीठातून गणिताचे पदवीधर झाले. पुढे विल्क्स यांनी संशोधनाला विषय घेतला तो रेडिओच्या लहरींचाच. आपल्या डोक्यावर खूप उंचीवर विद्युत्‌भारित वायूंचे थर आहेत. त्यांच्यावर आपटून रेडिओच्या लहरी खाली परततात, म्हणून तर रात्रीच्या वेळी दूरदूरची स्टेशने आपल्याला ऐकू येतात. फार लांब लहरी या थरांतून कशा प्रवास करतात, हा त्यांच्या अभ्यासाचा प्रश्न होता. आणि या प्रश्नात समीकरणे मांडणे सोपे, पण ती आकड्यांनिशी सोडवणे म्हणजे महिनोन्‌महिन्यांची हमाली!

ही हमाली त्या काळी माणसेच करीत. आपल्याला नवल वाटेल, पण त्या वेळी इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ म्हणजे यंत्र नव्हे, तर पगार घेऊन आकडेमोड करणारा माणूस. टेबलावर हाताने फिरवायचे बेरीज-गुणाकाराचे यंत्र, पुढ्यात कागद, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत आकड्यांचे रकाने. अशा कामासाठी केंब्रिजला १९३७ साली एक गणित प्रयोगशाळा स्थापन झाली आणि तरुण विल्क्स तिथे कामाला लागले. तोच दुसरे महायुद्ध आले. युद्धकाळात ते रडारच्या कामावर होते. १९४५ साली परत आले ते या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून.

आता १९४६ च्या मे महिन्यातली एक रात्र पाहा. लेस्ली कॉम्री नावाचे एक नामांकित गणनतज्ज्ञ केंब्रिजला आले होते. अमेरिकेहून येताना त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांनी लिहिलेले एक टिपण आणले होते. ते त्यांनी विल्क्स यांना दिले, पण एका रात्रीपुरते. सकाळी परत द्यायचे. झटपट नक्कल काढून घेण्याची सोय तेव्हा नव्हती. विल्क्स रात्री जागून ते टिपण वाचत बसले.

त्या टिपणात असे काय होते? अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिॲक नावाचे प्रचंड यंत्र तयार झाले होते. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. आपल्या जुन्या रेडिओत लाल उजेड देणाऱ्या काचेच्या नळ्या असत, तेच हे. ते यंत्र वेगवान खरे, पण दर वेळी नवे गणित घालायचे म्हणजे तारा उपसून पुन्हा वेगळ्या जोडायच्या, खटके बदलायचे. त्यात दिवसच्या दिवस जात. टिपणातली कल्पना अशी, की ज्या स्मृतीत आपण आकडे साठवतो, त्याच स्मृतीत यंत्राला द्यायच्या आज्ञाही आकड्यांच्या रूपाने साठवाव्यात. ‘ही संख्या घे, तिच्यात ती मिळव, उत्तर अमुक घरात ठेव’, अशा आज्ञांची यादी आत गेली, की यंत्र ती एकापाठोपाठ एक वाचील आणि पाळील. काम बदलायचे? मग तारेला हात लावायला नको. यादी बदलली की झाले. आज जगातले जवळजवळ प्रत्येक गणकयंत्र, खिशातल्या मोबाइलसकट, याच तत्त्वावर चालते.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाला या विषयावर व्याख्यानमाला भरली आणि विल्क्स यांना बोलावणे आले. युद्ध नुकतेच संपलेले, बोटीत जागा मिळण्याची मारामार. ते पोचले तेव्हा व्याख्यानमालेचे शेवटचे दोनच आठवडे उरले होते. पण तेवढे पुरले. परतीच्या प्रवासात ‘क्वीन मेरी’ बोटीवर त्यांनी आपल्या यंत्राचा आराखडा मांडायला सुरुवात केली. त्या यंत्राचे नाव पुढे एड्सॅक पडले.

इथे विल्क्स यांनी एक निर्णय घेतला, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्याची किल्ली या निर्णयात आहे. इतर ठिकाणी अधिक वेगवान, अधिक धाडसी यंत्रांचे बेत चालले होते. लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसाठी ट्युरिंग यांनी आखलेले यंत्र बुद्धिमत्तेच्या दृष्टीने अलौकिक होते. पण त्याच्याकडून पुरता वेग काढायचा, तर आज्ञा लिहिणाऱ्याला प्रत्येक आज्ञेची जागा मोठ्या कौशल्याने निवडावी लागे. विल्क्स म्हणाले, आपल्याला विक्रम करायचा नाही. विद्यापीठात भौतिकीचे, रसायनाचे, जीवशास्त्राचे लोक आकडेमोडीखाली दबून गेले आहेत. त्यांच्या हाती लवकरात लवकर एक भरवशाचे यंत्र द्यायचे आहे. म्हणून इतरांनी सेकंदाला दहा लाख विद्युत्-ठोक्यांचा वेग धरला असता, त्यांनी मुद्दाम पाच लाखांवरच समाधान मानले. वेग निम्मा, पण बांधायला आणि दुरुस्तीला सोपे!

यंत्राची स्मृती कशाची करावी, ही त्या वेळची मोठी अडचण होती. विल्क्स यांनी ती पाऱ्याची केली. पाऱ्यात आकडे कसे साठतील, असे आपल्याला वाटेल. आपण विहिरीच्या काठावर उभे राहून ‘ओ’ दिला, की क्षणभराने आपलाच ‘ओ’ परत येतो. जाण्यायेण्याच्या त्या क्षणात तो आवाज विहिरीत ‘साठलेला’ असतो, नाही का? आता असे समजा, की प्रतिध्वनी आला रे आला की आपण पुन्हा तीच हाक दिली, तो आला की पुन्हा दिली. असे करीत राहिलो तर ती हाक वाटेल तितका वेळ टिकवता येईल.

एड्सॅकमध्ये नेमके हेच केले होते. सुमारे ५ फूट लांबीच्या पोलादी नळीत पारा भरलेला. एका टोकाला स्फटिकाचा तुकडा. तो विजेच्या ठोक्याचे ध्वनीत रूपांतर करी. तो ध्वनी पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला जायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जरासा जास्त वेळ लागे. तिथल्या स्फटिकाने त्याचा पुन्हा विजेचा ठोका करायचा, तो सबल करायचा आणि परत पहिल्या टोकाला पाठवायचा. ठोका असला तर एक, नसला तर शून्य. एका नळीत असे ५७६ ठोके एकामागून एक फिरत राहत. मात्र पाऱ्याचे तपमान बदलले तर आवाजाची गती बदलते आणि सारा हिशेब बिघडतो. म्हणून नळ्या एका ठराविक उष्णतेवर सांभाळाव्या लागत. ही विद्या रडारच्या कामातून आली होती. टॉमस गोल्ड या सहकाऱ्याने अशी पाऱ्याची नळी युद्धकाळात हाताळली होती. त्याने मापे सांगितली आणि विल्क्स यांचे कितीतरी महिने वाचले.

विल्यम रेनविक हे मुख्य अभियंते, आणि हाताखाली थोडी माणसे. सुमारे ३,००० व्हॉल्व्ह, लोखंडी चौकटींच्या रांगा, पाच भोकांच्या कागदी पट्टीवरून आज्ञा आत जाणार आणि टेलिप्रिंटरवर उत्तर उमटणार, असा थाट होता. ६ मे १९४९ रोजी पट्टी आत घातली आणि टेलिप्रिंटरने ० पासून ९९ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग छापले. वेळ लागला २ मिनिटे ३५ सेकंद. त्या दिवशी पाऱ्याच्या फक्त चार नळ्या चालू होत्या!

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आज्ञा स्मृतीत साठवून चालणारे जगातले पहिले यंत्र एड्सॅक नव्हे. तो मान मँचेस्टरला विल्यम्स, किलबर्न आणि टूटिल यांनी बांधलेल्या लहान यंत्राचा. ते २१ जून १९४८ रोजी चालले. पण ते कल्पनेची परीक्षा घेण्यासाठी बांधलेले होते. दुसऱ्यांची खरी कामे नेमाने करून देण्यासाठी पूर्ण आकाराचे यंत्र उभे राहिले ते केंब्रिजला.

यंत्र चालू झाले आणि मग जी अडचण पुढे आली, तिची कोणीच अपेक्षा केली नव्हती. विल्क्स यांनी आपल्या आवडत्या एका समीकरणासाठी आज्ञांची यादी लिहिली. सुमारे सव्वाशे ओळींची ती यादी. पुढे अनेक वर्षांनी त्या वेळची कागदी पट्टी सापडली, तेव्हा अभ्यासकांनी ती तपासली. एवढ्याशा यादीत वीसेक चुका निघाल्या! आणि लिहिणारा कोण, तर यंत्राचा कर्ता! यंत्र बिचारे सांगितले तसेच करीत होते. सांगणाराच चुकत होता. विल्क्स यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे, की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपल्याच चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना त्या काळात एकदा जिन्यापाशी लख्ख जाणवले.

कोणी म्हणाले असते, माणसांनी अधिक काळजी घ्यावी, म्हणजे झाले. विल्क्स तसे म्हणाले नाहीत. माणूस चुकणारच, हे त्यांनी धरून चालले आणि मग उपाय शोधला. उपाय असा, की जे एकदा बरोबर लिहून, तपासून झाले, ते दुसऱ्याला पुन्हा लिहायला लावू नये. वर्गमूळ काढायचे, भागाकार करायचा, उत्तर रकान्यात छापायचे, ही कामे सर्वांनाच लागतात. त्यांच्या आज्ञांचे छोटे छोटे तयार तुकडे करून त्यांच्या पट्ट्या एका पोलादी कपाटात ठेवल्या. ज्याला हवा त्याने तो तुकडा काढावा, आपल्या पट्टीवर त्याची नक्कल करून घ्यावी. या तुकड्यांना सबरुटीन म्हणतात. १९५१ पर्यंत त्या कपाटात असे ८७ तुकडे जमले होते. पुस्तकांचे वाचनालय असते ना, तसे हे आज्ञांचे वाचनालय.

यातली खुबी समजायला आपल्या भजनाकडे पाहावे. अभंगाच्या पुस्तकात ध्रुवपद एकदाच छापलेले असते. प्रत्येक कडवे संपले की गाणारे ध्रुवपदावर जातात आणि ते म्हणून झाले की पुढच्या कडव्यावर येतात. पहिल्यांदा ध्रुवपदावरून दुसऱ्या कडव्याकडे, दुसऱ्यांदा तिसऱ्याकडे. म्हणजे आपण कुठून आलो आणि परत कुठे जायचे, हे गाणाऱ्याला ध्यानात ठेवावे लागते. माणसाला ते सहज जमते. यंत्राला कसे जमावे? डेव्हिड व्हीलर नावाच्या, तेव्हा विशीतल्या, विद्यार्थ्याने याची युक्ती काढली. तुकड्याकडे उडी घेण्यापूर्वी यंत्राने ‘मी अमुक घरातून निघालो’ ही खूण बरोबर न्यायची. तुकड्याने त्या खुणेवरून परतीची आज्ञा स्वतःच तयार करायची. आज्ञा म्हणजे शेवटी आकडेच, आणि ते स्मृतीत बदलता येतात, म्हणून हे शक्य झाले. व्हीलर यांनी आणखीही एक सोय केली. ३१ आज्ञांची एक छोटी यादी यंत्रात कायमची बसवून टाकली. बेरजेसाठी इंग्रजीतल्या बेरजेच्या शब्दाचे पहिले अक्षर लिहावे, वजाबाकीसाठी वजाबाकीचे. ही यादी त्या अक्षरांचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करून घेई. यंत्राने माणसाच्या बाजूला टाकलेले हे पहिले पाऊल, असे मी समजतो.

विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी हे सारे १९५१ साली पुस्तकरूपाने छापले. गणकयंत्रासाठी आज्ञावली कशी तयार करावी, यावरचे ते पहिले छापील पुस्तक. कपाटाला कुलूप लावून ठेवता आले असते. त्यांनी कपाटातला मालच जगापुढे मांडला. शिवाय १९५० पासून केंब्रिजला उन्हाळी वर्ग सुरू केले. पुढे या शास्त्रात थोर ठरलेले हॉलंडचे डाइक्स्ट्रा १९५१ साली याच वर्गात शिकायला आले होते.

मग काय काय झाले पाहा. १९५० साली आनुवंशशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांचे एक समीकरण या यंत्राने सोडवून दिले. १९५१ साली ७९ अंकी मूळ संख्या याच यंत्राने शोधली. जॉन केन्ड्रू हे स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाची रचना क्ष-किरणांच्या साह्याने शोधत होते. त्यांचे अफाट हिशेब एड्सॅकने आणि नंतर त्याच्या धाकट्या भावंडाने, एड्सॅक-२ ने, केले. केन्ड्रू यांना १९६२ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लोक आपापल्या पट्ट्या आणून दोरीवर टांगीत. चालक ओळीने एकेक काढून यंत्रात घाली. दोरीवर वाळत घातलेल्या त्या पट्ट्यांत कुणाचे तारे होते, कुणाची प्रथिने होती.

आणि केवळ पंडितांचेच काम झाले असे नाही बरं का. इंग्लंडात चहाची दुकाने आणि बेकरी चालवणारी लायन्स नावाची एक मोठी कंपनी होती. रोजच्या पाव-केकचे हिशेब करायला असे यंत्र लागेल, हे तिच्या जाणत्या अधिकाऱ्यांनी ओळखले. कंपनीने एड्सॅकच्या कामासाठी ३,००० पौंड दिले, आणि त्याच धर्तीवर स्वतःसाठी लिओ नावाचे यंत्र बांधले. १९५१ साली त्याच्यावर बेकरीचा हिशेब चालू झाला. व्यापाराचे रोजचे काम नेमाने करणारे हे जगातले पहिले गणकयंत्र. तारे मोजायला केलेली युक्ती पाव मोजायला उपयोगी पडली, याचे कारण ती मुळातच दुसऱ्याला वापरता येईल अशी केली होती.

एड्सॅक जुलै १९५८ मध्ये बंद झाले आणि पुढे मोडीत निघाले. विल्क्स मात्र थांबले नाहीत. यंत्राच्या पोटातले नियंत्रणच लहान लहान आज्ञांनी करावे, ही कल्पना त्यांनी १९५१ साली मांडली आणि एड्सॅक-२ मध्ये ती उतरवली. मोठ्या पण मंद स्मृतीजवळ एक लहान पण चपळ स्मृती ठेवावी, हा विचार त्यांनी १९६५ साली लिहून प्रसिद्ध केला. आज ती सोय जवळपास प्रत्येक यंत्रात असते. १९६७ साली त्यांना ट्युरिंग यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले, २००० साली ‘सर’ ही पदवी मिळाली, आणि २९ नोव्हेंबर २०१० रोजी, ९७ वर्षांचे दीर्घ आयुष्य भोगून, त्यांनी इहलोक सोडला.

ट्युरिंग यांचे नाव सर्वतोमुखी आहे आणि ते योग्यच आहे. विल्क्स यांचे नाव फारसे ऐकू येत नाही. कल्पनेचा पहिला चमत्कार लोकांच्या लक्षात राहतो. ती कल्पना झिजून झिजून सर्वांच्या वापरात आणणारा मागे पडतो. पण गावाला पाणी मिळते ते केवळ झरा सापडल्याने नव्हे. कोणीतरी विहीर बांधतो, पायऱ्या करतो, रहाट बसवतो, तेव्हा.

शिक्षक मित्रांना शेवटी एक सुचवतो. वर्गात एका मुलाला ‘यंत्र’ करा. दुसऱ्याने त्याला कागदावर आज्ञा लिहून द्यायच्या, एका ओळीत एकच: वर्गाच्या दारापर्यंत जाऊन दार लावून परत जागेवर बसायचे, एवढेच काम. यंत्र झालेल्या मुलाने मनाचे काही करायचे नाही. लिहिले तेवढेच करायचे. पहिल्या खेपेला तो बहुधा भिंतीला जाऊन टेकेल आणि वर्गात हशा पिकेल. मग आज्ञा लिहिणाऱ्याला विचारा, चूक कुणाची? ती शोधून दुरुस्त झाली, की तो कागद फाडू नका. वर्गाच्या कपाटात जपून ठेवा, आणि पुढच्या मुलाला ‘दार लाव’ एवढेच लिहून त्या कागदाकडे बोट दाखवू द्या.